प्रथिन पेशीतलं पटल एकदाच ओलांडतं

देवणी तालुक्यातली एक विद्यार्थिनी लातूरला खोली करून राहते आणि नीटची तयारी करते. तिनं विचारलंय: "क्लासमध्ये एका ओळीत सांगितलं. रायबोसोम, मग आंतर्द्रव्यजालिका, मग गॉल्जी, मग पुटिका, मग बाहेर. पाठ झालं. पण आमच्या घरी देवणी गाई आहेत, आई रोज धार काढते. दुधातलं कॅसीन कासेतल्या पेशीतच बनतं ना? मग एवढं प्रथिन पेशीच्या पटलातून बाहेर येतं कसं? पटल फाटत कसं नाही? आणि प्रथिनाला ना डोळे ना पाय, त्याला कुठं जायचं ते कळतं कसं?"

बेटा, तुझ्या प्रश्नात एक समजूत दडलेली आहे आणि सगळा गुंता तिथंच आहे. तुला वाटतंय की प्रथिन पेशीच्या आत तयार होतं, आतल्या आत फिरतं आणि शेवटी पटल ओलांडून बाहेर पडतं. शेवटी ते काहीच ओलांडत नाही. जे पटल ओलांडायचं ते प्रवासाच्या अगदी सुरुवातीला, त्याची अमिनो आम्लांची साखळी पुरी विणून व्हायच्या आतच ओलांडलेलं असतं. ही एक गोष्ट नीट कळली की बाकीचा रस्ता आपोआप उलगडतो, म्हणून मी तिच्यावर जरा जास्त वेळ घालवणार आहे.

माझी 26 वर्षं वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत यीस्टकडून माणसाची प्रथिनं बनवून घेण्यात गेली. यीस्टनं प्रथिन बनवलं का, याची काळजी आम्हाला क्वचितच असायची. ते बाहेर सोडलं का, यावर सगळा हिशोब. बाहेर आलं तर पेशी बाजूला काढून वरचं पाणी घ्यायचं, त्यात आपलं प्रथिन बरंचसं स्वच्छ मिळतं. आत अडकलं तर पेशी फोडायच्या आणि हजारो प्रथिनांच्या गर्दीतून आपलं एक वेचत बसायचं. त्यामुळे हा रस्ता कुठं कुठं तुंबतो ते मी जवळून पाहिलंय.

आपल्याकडचा जुना माळवदाचा वाडा आठव. मधोमध चौक, भोवती सोपा, आत माजघर. चौकात उभं राहिलं की चारी बाजूंनी घर असतं, पण डोक्यावर आभाळ असतं. पाऊस आला की चौक भिजतो, माजघर कोरडं राहतं. म्हणजे चौक वाड्याच्या आत असला तरी तो 'बाहेर'च आहे. पेशीतही असंच. साखळी विणणारे रायबोसोम जिथं तरंगतात ते पेशीद्रव म्हणजे माजघर. आंतर्द्रव्यजालिका म्हणजे पटलाच्या पोकळ जाळ्याची पोकळी, गॉल्जीच्या चपट्या पिशव्यांची पोकळी आणि पुटिका म्हणजे सुट्या चिमुकल्या पिशवीची पोकळी हा सगळा चौक. फरक एवढाच की वाड्याचा चौक आभाळाला कायम उघडा असतो. पेशीचा चौक बंद असतो आणि त्यातला माल थोडाथोडा करून बाहेर नेऊन ओतला जातो. पण पटलाची बाजू एकच. माजघरातून चौकात पाऊल टाकलं की प्रथिन बाहेरच्या जगाच्या बाजूला आलं.

याला रसायनशास्त्राचाही पुरावा आहे. प्रथिनाच्या साखळीत गंधकाचे पूल बांधले जातात, डायसल्फाइड बंध. पेशीद्रवात ते सहसा टिकत नाहीत, तिथलं वातावरण त्यांना तोडणारं आहे. जालिकेच्या पोकळीत ते छान बांधले जातात, जसे पेशीबाहेर टिकतात तसे. साखरेच्या फांद्यांचंही तसंच. जालिकेत ज्या बाजूला त्या चिकटतात ती पोकळीची बाजू, आणि पेशीच्या पृष्ठभागावर त्या दिसतात त्या नेहमी बाहेरच्या अंगाला. आतल्या अंगाला कधीच नाही. चौकातली बाजू ती अंगणातली बाजू.

आता प्रथिन माजघरातून चौकात येतं कसं? यासाठी कॅसीनच घेऊ. गाईच्या दुधातलं बीटा-कॅसीन 209 अमिनो आम्लांचं असतं, पण त्याचा जनुक 224 ची साखळी सांगतो. सुरुवातीची 15 दुधात कधीच दिसत नाहीत. हा सुरुवातीचा तुकडा म्हणजे सिग्नल पेप्टाइड. त्याच्या मध्यभागी पाण्याला न मानवणारी, तेलकट स्वभावाची अमिनो आम्लं ओळीनं असतात. (ए-वन आणि ए-टू दूध म्हणून जो गाजावाजा चालतो तो याच 209 पैकी 67 व्या जागेवरच्या एका अमिनो आम्लाचा फरक आहे. बाहेर जाण्याच्या रस्त्याशी त्याचा संबंध नाही.)

साखळी रायबोसोममधून बाहेर डोकावू लागली की पेशीद्रवात फिरणारा एक कण तो तेलकट तुकडा पकडतो. याचं नाव सिग्नल रेकग्निशन पार्टिकल, सहा प्रथिनं आणि एक आरएनए यांचा मिळून बनलेला. तो नुसता पकडत नाही, साखळी विणणंच मंदावतो. मग अख्खा रायबोसोम जालिकेच्या पटलापाशी नेऊन तिथल्या ग्राहीला (रिसेप्टरला) लावतो आणि सोडून देतो. पटलात सेक-61 नावाची एक अरुंद नळी असते. रायबोसोम तिच्या तोंडावर बसतो, विणणं पुन्हा सुरू होतं आणि साखळी सरळ पोकळीत उतरत जाते. पलीकडे सिग्नल पेप्टिडेज हे विकर (एन्झाइम) पुढचा तुकडा कापून टाकतं. खडबडीत जालिका खडबडीत दिसते ती या दाराशी बसलेल्या रायबोसोममुळे. ते तिथं कायमचे चिकटलेले नसतात. काम संपलं की सुटून पुन्हा पेशीद्रवात जातात आणि पुढच्या वेळी कदाचित एखादं साधं, आतच राहणारं प्रथिन विणतात. कुठं जायचं हे रायबोसोम ठरवत नाही, साखळीचा पहिला तुकडा ठरवतो.

बरेच शिक्षक या तुकड्याला पत्त्यावरचा पिनकोड म्हणतात. मला ती उपमा अपुरी वाटते. पत्र आपण पूर्ण लिहितो, पाकीट बंद करतो, पिनकोड नंतर कुणीतरी वाचतं. इथं पहिली ओळ लिहून होताच टपालवाला येऊन लिहिणाऱ्याचा हात धरतो, त्याला चौकाच्या खिडकीशी नेऊन बसवतो आणि उरलेलं पत्र लिहिता लिहिताच खिडकीतून पलीकडे उतरतं. घाई का? कारण नळी अरुंद आहे. सुटी, उलगडलेली साखळी तिच्यातून जाते, घडी घातलेलं प्रथिन जात नाही. तुझी शंका होती ना, एवढं मोठं प्रथिन पटलातून जातं कसं? मोठं व्हायच्या आधीच जातं. सुईच्या नेढ्यातून कापड जात नाही, दोरा जातो.

हे ग्युंटर ब्लोबेल यांनी दाखवलं. 1971 साली डेव्हिड साबातिनी यांच्याबरोबर त्यांनी ही कल्पना मांडली आणि 1975 मध्ये बर्नहार्ड डोबरस्टाइन यांच्यासह परीक्षानळीत ती सिद्ध केली. त्यांनी कुत्र्याच्या स्वादुपिंडातून जालिकेची पटलं वेगळी काढून वापरली. साखळी विणली जात असताना ही पटलं नळीत असली, तर प्रथिन आखूड निघायचं आणि प्रथिनं खाणारं विकर घातलं तरी त्याला धक्का लागायचा नाही, कारण ते पटलाच्या आड पोचलेलं असायचं. विणून पुरं झाल्यावर पटलं घातली, तर काही उपयोग नाही: प्रथिन लांबच राहायचं आणि विकर ते खाऊन टाकायचं. मला जीवशास्त्रातल्या सगळ्या प्रयोगांत हा प्रयोग सर्वांत देखणा वाटतो. ब्लोबेल यांना 1999 चं नोबेल मिळालं.

जिवाणूंत जालिका नसतेच. पण सेक-61 चा सख्खा भाऊ, सेक-वाय नावाची नळी, त्यांच्या पेशीद्रवाला वेढणाऱ्या पेशीपटलातच बसलेली असते आणि तिथूनच प्रथिनं पेशीद्रवाच्या पलीकडे जातात. म्हणजे जे दार जिवाणूच्या वेशीवर आहे तेच दार आपल्या पेशीत घराच्या मधोमध आलंय. चौक हा बाहेरचाच भाग आहे, हे यावरूनही पटावं.

चौकात आलेल्या साखळीची घडी बसणं हे माझ्या मते सगळ्या प्रवासातलं सर्वांत अवघड आणि सर्वांत कमी शिकवलं जाणारं काम. बिप नावाचं मदतनीस प्रथिन उघड्या तेलकट भागांना धरून ठेवतं, म्हणजे दोन साखळ्या एकमेकींत गुंतत नाहीत. प्रोटीन डायसल्फाइड आयसोमरेज गंधकाचे पूल बांधतं आणि चुकीचे बांधले गेले तर सोडवून पुन्हा बांधतं. अनेक प्रथिनांच्या ठरावीक जागी, जिथं अस्पॅराजीन आणि त्यानंतर एक सोडून सेरीन किंवा थ्रिओनीन असतं तिथं, 14 साखरांची एक तयार फांदी अख्खीच्या अख्खी चिकटवली जाते. त्यातल्या टोकाच्या तीन ग्लुकोजचं काम विलक्षण आहे. दोन लगेच काढले जातात. तिसरा असेपर्यंत कॅल्नेक्सिन हे प्रथिन त्याला धरून घडी बसवायला वेळ देतं. मग तोही काढला जातो. इथं एक तपासनीस विकर बसलेलं असतं. घडी चुकलेली दिसली की ते पुन्हा एक ग्लुकोज लावतं, म्हणजे प्रथिन परत कॅल्नेक्सिनच्या हाती. असं कितीदा? तो हिशोब फांदीवरचे मॅनोज, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या साखरा, ठेवतात. प्रथिन जास्त रेंगाळलं की ते हळूहळू छाटले जातात, आणि छाटलेल्या फांदीचं प्रथिन ओढून माजघरात परत नेलं जातं, त्याला युबिक्विटिनची खूण लागते आणि प्रोटिआसोममध्ये त्याचे तुकडे होतात.

हा टप्पा मला माझ्या यीस्टनं शिकवला. एक मानवी प्रथिन मी पिकिया जातीच्या यीस्टमध्ये बनवत होते. बाहेर सोडण्यासाठी त्याच्यापुढे यीस्ट स्वतःहून बाहेर सोडतं त्या आल्फा-फॅक्टरचा सुरुवातीचा तुकडा जोडला होता. उत्पादन कमी येत होतं, म्हणून जनुकाच्या प्रती वाढवायचं ठरलं: एकीच्या जागी आठ. वरून आग्रह होता की जनुक चालू करणारं मिथेनॉलही वाढवा, तापमान 30 अंशांवरच ठेवा, पेशी जोमात आहेत. पेशी जोमात होत्या हे खरं. पण वरच्या पाण्यातलं प्रथिन वाढायच्या ऐवजी घटलं. तिसऱ्या दिवशी मी पाण्याचा नमुना आणि पेशींचा नमुना, प्रथिनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर शेजारी शेजारी चालवला. पेशींच्या रकान्यात जाड पट्टी होती, आणि ती असायला हवी त्यापेक्षा वर, म्हणजे जड. जोडलेला तुकडा अजून तसाच होता. तो तुकडा केक्स-2 हे विकर कापतं आणि ते राहतं गॉल्जीच्या शेवटच्या टोकाला. याचा अर्थ माझं प्रथिन तिथवर पोचलंच नव्हतं. घडी बसायच्या जागी रांग लागली होती.

आठ प्रतींची जात मी बाजूला ठेवली, दोन प्रतींची घेतली आणि तापमान 24 वर आणलं. साखळ्या सावकाश बनू लागल्या, घडी नीट बसू लागली आणि पाण्यात प्रथिन दिसू लागलं. बनवण्याचा वेग म्हणजे पाठवण्याचा वेग नव्हे, हे त्या आठवड्यानंतर मी कधी विसरले नाही. पेशीलाही हे ठाऊक असतं. जालिकेत न घडलेल्या साखळ्या साचल्या की पटलातलं आयआरई-1 हे प्रथिन जागं होतं, निरोप थेट केंद्रकापर्यंत जातो आणि मदतनिसांची संख्या वाढवली जाते. तरीही भार उतरला नाही तर प्राण्यांच्या पेशी स्वतःला संपवतात.

क जीवनसत्त्व कमी पडलं की हिरड्यांतून रक्त येतं ते याच टप्प्यामुळे. कोलॅजेनच्या तीन साखळ्यांचा पीळ पक्का बसायला प्रोलीनवर एक हायड्रॉक्सिल लागतं, ते लावणारं विकर जालिकेत असतं आणि त्याला क जीवनसत्त्व हवं असतं. ते नसेल तर पीळ शरीराच्या तापमानाला टिकत नाही आणि तपासनीस त्याला पुढं सोडत नाहीत. जालन्याची मोसंबी खाताना आठव, तिचा एक उपयोग थेट जालिकेच्या पोकळीत होतो.

घडी बसलेलं प्रथिन जालिकेतून निघतं ते कोप-2 नावाच्या आवरणाच्या पुटिकांतून. आवरणाची प्रथिनं पटलाला माजघराच्या बाजूनं वाकवतात, कोंब फुटल्यासारखा फुगवटा येतो आणि तो तुटून सुटा होतो. साधारण 60 ते 80 नॅनोमीटरची पुटिका. कोलॅजेनचा कच्चा दांडा 300 नॅनोमीटर लांब, तो यात मावत नाही. त्याच्यासाठी टँगो-1 हे वेगळं प्रथिन मोठी वाट करून देतं. पुटिका तुटताना प्रथिन काहीही ओलांडत नाही, हे लक्षात ठेव. चौकाचाच एक तुकडा खुडून पुढं चाललाय.

जालिकेत राहून काम करणारं बिपसारखं मदतनीस चुकून बरोबर निघालं तर? त्याच्या शेपटाला चार अमिनो आम्लांची खूण असते: लायसिन, अ‍ॅस्पार्टेट, ग्लुटामेट, ल्युसिन. गॉल्जीतली ग्राही प्रथिनं ही खूण ओळखून त्याला परतीच्या पुटिकेत बसवतात. गॉल्जीत आम्लता किंचित जास्त, तिथं पकड घट्ट होते; जालिकेत पोचलं की सुटते.

हा सगळा क्रम आपल्याला कळला तो जॉर्ज पॅलाडे यांच्यामुळे. जेम्स जेमिसन यांच्याबरोबर 1967 मध्ये त्यांनी गिनीपिगच्या स्वादुपिंडाच्या चकत्यांना तीन मिनिटं किरणोत्सारी ल्युसिन दिलं, मग साधं ल्युसिन. लगेच पाहिलं तेव्हा खूण खडबडीत जालिकेवर होती. सात मिनिटांनी गॉल्जीच्या कडेला, 37 मिनिटांनी घट्ट होत चाललेल्या मोठ्या पिशव्यांत आणि 117 मिनिटांनी विकरांनी भरलेल्या दाण्यांत. तू पाठ केलेली ओळ हीच आहे, फक्त तिला घड्याळ लावलेलं आहे. पॅलाडे यांना अल्बेर क्लोद आणि क्रिस्तियाँ द द्यूव यांच्यासह 1974 चं नोबेल मिळालं.

गॉल्जीत साखरेच्या फांद्या छाटल्या जातात, नव्या लावल्या जातात. पुस्तकातल्या चित्रात पिशव्या जागच्या जागी आणि माल पुटिकांतून एका पिशवीतून दुसरीत जाताना दाखवतात. यावर बराच काळ वाद होता. 2006 मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी जिवंत यीस्टमध्ये पाहिलं की पिशवीच स्वतः बदलत जाते: सुरुवातीची पिशवी पुढं सरकून शेवटची होते आणि तिची विकरं मागं पाठवली जातात. निदान यीस्टपुरतं तरी चित्र असं आहे, आणि प्राण्यांतही मोठा माल असाच जात असावा असं माझं मत आहे.

तुझ्या गाईच्या बाबतीत मात्र गॉल्जी हा सर्वांत रंगतदार मुक्काम. गाईच्या दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे 80 टक्के कॅसीन. गॉल्जीत कॅसीनवर फॉस्फेट लावले जातात आणि पंप कॅल्शियम आत ओढतात. फॉस्फेट, कॅल्शियम आणि कॅसीन यांचे गोळे बनतात, ज्यांना मिसेल म्हणतात, आणि दूध पांढरं दिसतं ते मोठ्या अंशी त्यांच्यामुळे. एवढं कॅल्शियम पेशीद्रवात आलं असतं तर पेशी मेली असती. चौकात ठेवल्यामुळे माजघर सुरक्षित.

आणि त्याच गॉल्जीत लॅक्टोज बनतं. आल्फा-लॅक्टअल्ब्युमिन हे दुधातलंच एक प्रथिन, कॅसीनसारखंच बाहेर निघालेलं. वाटेत ते गॉल्जीतल्या एका विकराला भेटतं आणि त्या जोडीमुळे ग्लुकोज व गॅलॅक्टोज एकत्र येऊन लॅक्टोज तयार होतं. लॅक्टोजला पटलातून बाहेर निघता येत नाही. मग त्याच्या ओढीनं पाणी आत येतं, पुटिका फुगतात. गाय किती लिटर दूध देणार हे मुख्यतः या लॅक्टोजवर ठरतं. म्हणजे धारेतलं बरंचसं पाणीसुद्धा याच रस्त्यानं, गॉल्जीच्या पुटिकांत बसून आलेलं असतं. दुधातलं तूप, म्हणजे स्निग्धांश, या रस्त्यानं येत नाही. त्याचे थेंब माजघरातच वाढतात आणि पेशीचं पटल स्वतःभोवती गुंडाळून बाहेर पडतात.

गॉल्जीच्या शेवटच्या टोकाला वाटा फुटतात. इथं माझ्या मुख्य मुद्द्याचा आणखी एक पुरावा मिळतो. लायसोसोम म्हणजे पेशीतली पचनाची पिशवी. तिच्याकडे जाणाऱ्या विकरांना मॅनोज-6-फॉस्फेटची खूण लावावी लागते. आय-सेल नावाच्या दुर्मीळ आजारात ही खूण लावणारं विकर बिघडलेलं असतं. मग ती विकरं कुठं जातात? बऱ्याच पेशींतून सरळ बाहेर, रक्तात. खूण नसेल तर बाहेर. चौकात आलेल्याला आत थांबायचं असेल तर चिठ्ठी लागते. बाहेर जायला पुष्कळदा लागत नाही.

आता शेवटचं पाऊल, पटल न फाटता माल बाहेर. पुटिकेच्या पटलावर आणि पेशीच्या पटलावर स्नेअर नावाची लांब प्रथिनं उभी असतात. समोरासमोर आली की ती एकमेकांत पीळ घालत जातात, जसा घायपाताचा दोर वळताना दोन पेड एकमेकांत ओढले जातात. पिळाबरोबर दोन्ही पटलं इतकी जवळ येतात की त्यांची एकच होते. पुटिकेचं पटल पेशीच्या पटलाचा भाग बनतं आणि तिची पोकळी बाहेर उघडते. चौकाची भिंत अंगणाच्या भिंतीला मिळाली, मधला आडोसा गेला, आत जे होतं ते अंगणात आलं. फाटलं काहीच नाही, माजघरातला एक थेंब सांडला नाही. बोट्युलिनम विष नेमकी ही स्नेअर प्रथिनं कापतं. मग चेतापेशीतली पुटिका भरलेली असूनही उघडत नाही आणि स्नायू लुळा पडतो.

या यंत्रणेसाठी 2013 चं नोबेल रँडी शेकमन, जेम्स रोथमन आणि थॉमस स्यूडोफ यांना मिळालं. शेकमन यांचं काम मला विशेष जवळचं, कारण ते यीस्टवर आहे. त्यांनी आणि पीटर नोविक यांनी असे बिघडलेले यीस्ट शोधले जे नेहमीच्या तापमानाला ठीक राहतात, पण 37 अंशांना माल बाहेर सोडणं थांबवतात. हजारोंतून ते निवडायचे कसे? माल आत साचला की पेशी घट्ट, जड होते. मग नमुना घनतेच्या द्रावणावर फिरवायचा, जड पेशी खाली बसतात, त्या उचलायच्या. या एका साध्या युक्तीनं 1980 पर्यंत 23 जनुकं हाती आली. रोथमन यांनी पेशी फोडून परीक्षानळीत तीच यंत्रणा तुकड्या-तुकड्यानं जुळवली, आणि पुढं दिसलं की त्यांना सापडलेलं एनएसएफ हे प्रथिन व शेकमन यांच्या यादीतलं सेक-18 एकच आहे. यीस्टमधलं आणि सस्तन प्राण्यातलं यंत्र एकाच घडणीचं. आमच्यासारख्यांची सगळी नोकरी या एका गोष्टीवर उभी आहे.

काही पेशी माल आला की सोडत राहतात, काही साठवून इशाऱ्याची वाट पाहतात. इन्सुलिन दुसऱ्या प्रकारचं. 110 अमिनो आम्लांची साखळी, सिग्नल पेप्टाइड गेल्यावर 86, आणि दाण्यांत मधला भाग कापला गेल्यावर 51 चं इन्सुलिन. कापलेला भाग म्हणजे सी-पेप्टाइड. तो इन्सुलिनबरोबर सारख्याच संख्येनं बाहेर पडतो, म्हणून बाहेरून इन्सुलिन घेणाऱ्या माणसाचं स्वतःचं स्वादुपिंड किती काम करतंय हे सी-पेप्टाइड मोजून कळतं. रक्तात साखर वाढली की स्वादुपिंडातल्या बीटा-पेशीत एटीपी (पेशीचं इंधन) वाढतं, पोटॅशियमचं एक दार बंद होतं, कॅल्शियमचं उघडतं आणि आत आलेलं कॅल्शियम पुटिकेवरच्या सिनॅप्टोटॅग्मिनला इशारा देतं. त्या प्रथिनाचं काम उलगडलं ते स्यूडोफ यांनी. मधुमेहावरची ग्लिमेपिराइडसारखी गोळी ते पोटॅशियमचं दार बंद करते, बाकी सगळं आपोआप होतं.

तुझ्या गोठ्यात हे दोन्ही प्रकार एकाच वेळी दिसतात. कॅसीन कासेत दिवसभर सतत स्रवत असतं. आई धार काढायला बसते तेव्हा बरंचसं दूध आधीच पेशींच्या बाहेर, बारीक पोकळ्यांत साठलेलं असतं. पण वासरू लुचेपर्यंत गाय पान्हा सोडत नाही. तो पान्हा सोडवतं ते ऑक्सिटोसिन. नऊ अमिनो आम्लांचं हे संप्रेरक मेंदूतल्या चेतापेशींत मोठ्या साखळीचा भाग म्हणून जालिकेतच जन्मतं, गॉल्जीतून दाण्यांत भरलं जातं, अक्षतंतूच्या (चेतापेशीच्या लांब शेपटाच्या) टोकाशी इशाऱ्याची वाट पाहतं. सडाला स्पर्श झाला की दाणे उघडतात, रक्तातून ऑक्सिटोसिन कासेत येतं आणि पोकळ्यांभोवतीच्या पेशी आकसून दूध पुढं ढकलतात. गाय बुजली की पान्हा चोरते, कारण घाबरल्यावर सुटलेलं अ‍ॅड्रेनॅलिन या सगळ्याला आडवं येतं. पान्हा लवकर सुटावा म्हणून काही जण रोज ऑक्सिटोसिनची सुई टोचतात. मला ते पटत नाही. जे काम वासराच्या दोन ढुशांनी होतं त्यासाठी जनावराला रोज टोचू नये.

या रस्त्याला अपवाद आहेत. इंटरल्युकिन-1 बीटा या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाला सिग्नल पेप्टाइड नसतं, ते माजघरातच बनतं आणि गॅस्डर्मिनच्या छिद्रांतून बाहेर पडतं. एफजीएफ-2 हे पेशींना वाढीचा इशारा देणारं प्रथिन तर थेट पटलातून जातं. परीक्षेला हे येणार नाही, पण 'प्रत्येक स्रवणारं प्रथिन' असं वाक्य पर्यायात दिसलं तर जपून. आणि पर्यायांत 'स्रवणारं प्रथिन पुटिकेतून बाहेर पडताना पेशीपटल ओलांडतं' असं दिसलं, तर आता तुला ते चुकीचं का हे ठाऊक आहे.

शेवटी एक काम सांगते. गोठ्यातली पुढची गाय विईल तेव्हा पहिल्या धारेचा चीक वाटीभर काढून ठेव आणि चौथ्या-पाचव्या दिवसाचं दूधही. दोन्ही वाफवून बघ. चिकाचा खरवस घट्ट बसेल, दूध दूधच राहील. चिकात रक्तातून आलेली प्रतिपिंडं खच्चून भरलेली असतात आणि उष्णतेनं ती गोठतात. ती कासेच्या पेशीत बनलेली नसतात. प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींतून ती वर सांगितलेल्या रस्त्यानंच रक्तात येतात, मग कासेची पेशी रक्ताच्या बाजूनं त्यांना पुटिकेत घेते, पलीकडे नेते आणि दुधाच्या बाजूला सोडते. एका अंगणातून दुसऱ्या अंगणात, माजघराला स्पर्श न करता. वासराला पोटात असताना आईकडून प्रतिपिंडं मिळत नाहीत आणि त्याचं आतडं ती अख्खी शोषून घेतं ते जेमतेम पहिला दिवसभर, सर्वांत चांगलं पहिल्या सहा तासांत. तेव्हा प्रयोगाची वाटी भरायची ती वासराचं पोट भरल्यावर.